आजीच्या आठवणी कोणाकोणाकडे असतात?

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची निघाली : घरातली वयोवृद्ध, माणसांत रमणारी बाई गेली किंवा थकली, आणि आता तिचे आयुष्य नीट आठवून ठेवायचे कसे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची आजी गेल्या मार्गशीर्षात ९६व्या वर्षी गेली. साताऱ्यातल्या एका पेठेत, एकाच घरात ती ७६ वर्षे नांदली. तिचे दार दिवसभर उघडे असे आणि आल्यागेल्याला चहा घेतल्यावाचून ती उठू देत नसे. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढावी म्हणून आम्ही सहा नातवंडांनी प्रत्येकी दोन पाने लिहिली; पण एकत्र वाचली तेव्हा सगळी पाने सारखीच निघाली : प्रेमळ, कष्टाळू, सुगरण, सर्वांना जीव लावणारी. हे कोणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल, असे वाटून आम्ही खट्टू झालो. तिच्या देवघराशेजारच्या खुंटीवर अकरा किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली आहे. त्या किल्ल्या कशाच्या, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. — एक नात, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या खुंटीवरच टांगलेले आहे. किल्ल्यांना चिंध्या आहेत, चिठ्ठ्या नाहीत, म्हणजे कोणती किल्ली कोणाची हे आजींना रंगावरून कळत असणार. माझा अंदाज असा की ज्या घरची किल्ली, त्याच घरच्या जुन्या लुगड्याची किंवा झंपराची ती चिंधी असावी. गावाला जाताना, कामावर जाताना, पोर शाळेतून आधी आले तर त्याला घर उघडता यावे म्हणून अकरा घरांनी आपली किल्ली जिच्या हवाली केली, तिच्याबद्दल ‘सर्वांना जीव लावणारी’ असे वेगळे लिहिण्याची गरजच उरत नाही. तो जुडगा घेऊन पेठेत निघा आणि दारोदार विचारा. काही कुलपे मोडीत गेली असतील, काही वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या असतील. पण चिंधी ओळखणारे कोणीतरी भेटेल, आणि ते जे सांगेल ते तुम्हा सहा जणांपैकी एकालाही माहीत नसेल.

माणसांत रमणाऱ्या बाईच्या आठवणी घरात थोड्या आणि घराबाहेर फार असतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. घरच्यांनी तिला रोज पाहिलेले असते, त्यामुळे त्यांना तिची सवय झालेली असते. उलट जी शेजारीण महिन्यातून एकदा पायरीवर बसून मन मोकळे करून गेली, तिला त्या दुपारचा शब्द न् शब्द आठवतो. तेव्हा बांगड्या भरायला येणारा कासार, दूध घालणाऱ्याच्या घरची माणसे, भाजीवाली, भजनी मंडळातल्या आणि भिशीतल्या बायका, एके काळी तुमच्या माडीवर भाड्याने राहून गेलेली बिऱ्हाडे, या सगळ्यांकडे जा. मात्र ‘आजी कशा होत्या?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला माणूस श्रद्धांजलीच देतो. आमच्या घरी पहिल्यांदा कधी आलात, कुठे बसलात, हातात काय दिले, निघताना काय बोलणे झाले, असे विचारा. साताऱ्यात तर एक प्रश्न प्रत्येक वृद्धाला विचारण्यासारखा आहे : ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतरच्या थंडीच्या रात्री भीतीपोटी लोक घराबाहेर झोपत असत, तेव्हा तुमच्या आळीत कोण कोणाशेजारी झोपले होते आणि आजी काय करत होत्या?

कोण त्यांना काय म्हणून हाक मारते, तेही टिपून ठेवा. ‘वहिनी’ म्हणणारी माणसे त्यांना नव्या सुनेच्या वयापासून ओळखत असणार. ‘काकू’ म्हणणारी माणसे त्यांच्या मुलांच्या बरोबरीची. ‘आजी’ म्हणणारी त्यानंतरची. माहेरचे कोणी उरले असेल तर तिथे वेगळेच पाळण्यातले नाव ऐकू येईल, जे सासरी आल्यावर बदलले गेले आणि पुढे कोणी उच्चारलेही नाही. अशा हाकांची यादी केली की एका बाईच्या ९६ वर्षांचे टप्पे आपोआप लागतात.

आणि स्वयंपाकघरातले प्रत्येक भांडे हातात घेऊन वाचा. भांड्यांवर नाव घालण्याची आपली पद्धत किती मोलाची आहे, हे मला आमच्या आजीच्या एका पितळी वाटीने शिकवले. तिच्या काठावर टिंबाटिंबांनी ठोकलेले आडनाव आमचे नव्हते. शेजाऱ्यांची वाटी चुकून राहून गेली असेल, असेच आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो. आजी गेल्यावर समाचाराला आलेल्या एका वृद्ध बाईंनी ती मांडणीवरून उचलली, बोटाने काठ चाचपला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा नदीकाठच्या पेठेतले त्यांचे बिऱ्हाड वाहून गेले होते आणि ते सहा जण आजीच्या दोन खोल्यांत तीन आठवडे राहिले होते. चिखल उपसताना त्यांना जी एकच धड वाटी सापडली, ती त्यांनी निघताना आजीच्या हातात ठेवली होती. आजीने हे आम्हाला कधीच सांगितले नव्हते. तुमच्याकडे अशी परक्या नावाची भांडी निघाली, तर ती कोणाकडून आली याचा माग काढा. नुसते परत करून मोकळे होऊ नका.

कागदांपैकी पाककृतींची वही आणि जुनी कालनिर्णये आधी पाहा. वहीत शेर, छटाक आणि आणे असतील तर तो मजकूर जुना आहे, कारण नवे पैसे एप्रिल १९५७मध्ये आले आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आले. कालनिर्णय १९७३पासून घरोघरी लागू लागले. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख, कोणाचे डोहाळजेवण, कोणाचे ऑपरेशन अशी टिपणे असतात, आणि ती एकापुढे एक वाचली की दैनंदिनी वाचल्यासारखे वाटते. ही कॅलेंडरे रद्दीत गेली नसतील, अशी मी मनापासून आशा करते.

हे सर्व हाती आल्यावर तुमची बारा पाने पुन्हा लिहा आणि त्यांतली विशेषणे काढून टाका. एका पानावर किल्ल्यांचे छायाचित्र छापा आणि प्रत्येक किल्लीखाली त्या घराची हकीकत द्या.

प्रश्न : माझ्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन करायचे आहे. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जून १९४२ आहे. ती मात्र सांगते की तिचा जन्म रंगपंचमीचा आहे, आणि ‘गांधीजींना मारले तेव्हा धाकटा भाऊ पाळण्यात होता आणि मी दोरी ओढत होते.’ खरे काय मानावे? — एक नातू, बार्शी

उत्तर : आजींचे खरे मानावे. १ जून ही तारीख महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या असंख्य माणसांच्या दाखल्यावर आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असे आणि पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वयाच्या अंदाजाने वर्ष ठरवून १ जून लिहून टाकत. पुढे तीच तारीख रेशन कार्डावर, बँकेत आणि आधारवर गेली.

गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ची. पाळण्याची दोरी ओढणारी आणि ते पुढे आठवणीत ठेवणारी मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची तरी असावी, म्हणजे जन्म १९४३च्या आसपासचा किंवा त्याआधीचा धरता येतो. आणखी एक खूण विचारून पाहा. बार्शीच्या शेजारीच निजामाची हद्द होती, त्यामुळे ‘रझाकारांच्या वेळी’ आणि सप्टेंबर १९४८मधल्या पोलीस कारवाईच्या वेळी त्या शाळेत जात होत्या का, त्यांच्या घरी पलीकडची कोणी माणसे येऊन राहिली होती का, हे त्यांना आठवत असेल. भावंडांच्या वयांतली अंतरेही लिहून काढा; त्या काळी दोन मुलांत दोन-अडीच वर्षांचे अंतर सर्रास असे, आणि एकाची तारीख पक्की मिळाली की दुसऱ्याची जवळपास लागते.

लेखी पुरावा हवाच असेल तर कोतवाल बुक शोधा. गावातल्या जन्म-मृत्यूंची ही नोंदवही म्हणजे गाव नमुना नंबर १४, आणि ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळण्याचा संभव असतो. बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत, म्हणून मोडी वाचणारा सोबत न्यावा. अनेकदा तिथे बाळाचे नाव नसते, फक्त बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते, तेव्हा निराश होऊ नका. घरातले वडीलधारे नाशिक किंवा त्र्यंबकेश्वराला जाऊन आले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कुटुंबाची नोंद, आणि क्वचित आजोबा-पणजोबांची सहीदेखील, सापडते. जुन्या कागदावर शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत. मात्र रंगपंचमी फाल्गुनात, म्हणजे शकवर्षाच्या अखेरीला येते, म्हणून तुमच्या बाबतीत ७९ मिळवावे लागतील. वर्ष ठरले की जुन्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी पाहून इंग्रजी तारीख काढता येते.

राहिला सोहळ्याचा प्रश्न. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस लागतात, आणि ते होतात ८० वर्षे आणि दहा महिन्यांहून किंचित अधिक. जन्मवर्षाबद्दल एका वर्षाची शंका असेल तर उशिराची तारीख धरावी, कारण तोवर हजार चंद्र नक्कीच पाहून झालेले असतात. माझी एक विनंती आहे. आजी हयात आहेत, त्यांना गोष्टी सांगता येतात, तर त्या दिवशी त्यांना ओवाळण्याबरोबरच तासभर खुर्चीवर निवांत बसवा आणि पाळण्याची ती आठवण जमलेल्या सगळ्यांसमोर सांगू द्या.

प्रश्न : आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या दोन कॅसेट आणि फोनमध्ये तिचे शंभरेक व्हॉइस मेसेज आहेत. ते कसे जपावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : आजच कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यांवर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. बुरशी दिसत असेल तर घरच्या टेपवर लावू नका; जाणकाराकडून एकदाच, चांगल्या प्रतीच्या डिजिटल ध्वनिफितीत उतरवून घ्या आणि मूळ कॅसेट फेकू नका. फोनमधले संदेश फोन बदलताना जाऊ शकतात, म्हणून ते संगणकावर घेऊन तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. ओव्या कागदावर उतरवताना आजींचे उच्चार ‘शुद्ध’ करू नका. ‘व्हता’ असेल तर ‘व्हता’च लिहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, आणि म्हणूनच त्या आज त्या बाईच्या म्हणून ओळखल्या जातात. तुमच्या आजींची ओवी कोणत्या प्रसंगाची आणि कोणाकडून शिकलेली, हे शक्य तितके लिहून ठेवा.

प्रश्न : आजी ५२व्या वर्षी विधवा झाली. तोपर्यंत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे शंभर बायका येत. त्यानंतरची चाळीस वर्षे हळदीकुंकू आईने केले आणि आजी आतल्या खोलीत बसून तिळाचे लाडू वळत राहिली. यंदा तिच्या आठवणीसाठी आम्हाला सर्व बायकांना, विधवांनाही, बोलावून हळदीकुंकू करायचे आहे. आजीच्या धाकट्या जाऊबाई, ज्या स्वतः विधवा आहेत, त्याच नको म्हणतात. — दोघी बहिणी, इचलकरंजी

उत्तर : अवश्य करा. तुमच्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. तेव्हा तुम्ही काही आगळे करत नाही आहात.

पण जाऊबाईंचा नकार हा विरोध आहे असे समजू नका. ज्या बाईला अनेक वर्षे समारंभात पुढे येऊ नका असे सांगितले गेले, तिला ‘आता या’ म्हटल्यावर चार जणींच्या देखत आपला पाय अवघडेल, कोणी कुजबुजेल, एखाद्या घरी पुढे काही वाईट घडले तर बोल आपल्याला लागेल, ही भीती वाटणे साहजिक आहे. त्यांना कार्यक्रमाच्या आधी, घरात कोणी नसताना, तुम्ही दोघीच कुंकू लावा आणि नमस्कार करा. त्यांनी मान वळवली तर तिथेच थांबा. समारंभाच्या दिवशी त्यांना मध्ये बसण्याचा आग्रह न करता वाण वाटायला दाराशी खुर्ची द्या; येणारी प्रत्येक बाई त्यांच्या हातून वाण घेईल आणि वाकून नमस्कार करेल. आणि जमल्या बायकांना हे स्पष्ट सांगा की शंभर जणींना बोलावणारी आमची आजी चाळीस संक्रांती आतल्या खोलीत बसून होती आणि आम्ही कोणी तिला बाहेर बोलावले नाही. हे सांगताना तुमचा आवाज कापेल. कापू द्या.

प्रश्न : माझी आजी सगळ्या गावाची लाडकी होती. ती गेल्यावर दहा दिवस घरात माणसे मावत नव्हती. पण माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या सुनेला, तिचे कौतुक ऐकवत नाही. ती एकदाच म्हणाली, ‘त्यांनी माणसे जोडली आणि मी कपबशा धुतल्या.’ आजीवरच्या लेखात हे लिहावे का? — एक मुलगी, नाशिक

उत्तर : लिहावे, आणि शेवटी तळटीप म्हणून न लिहिता मधोमध लिहावे. दार उघडे ठेवणाऱ्या प्रत्येक घरात आत कोणीतरी आधण ठेवत असते, आणि आपल्याकडे ते बहुधा सूनच ठेवते. आजींनी ‘अगं, चहा टाक’ असे बैठकीतून म्हणावे आणि पाहुण्याने त्यांना दुवा द्यावा, यात आजींचा जिव्हाळा खोटा ठरत नाही. पण तो जिव्हाळा दोघींच्या कष्टावर उभा होता आणि नाव एकीचेच झाले. मला अशी अनेक घरे ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या सुनांबद्दल लिहिलेली एक ओळही मी आजवर वाचलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजींची बाजूही शोधा. त्या सून म्हणून आल्या तेव्हा त्या घरात कपबशा कोण धुत होते आणि त्यांना बैठकीत येऊन बसायला किती वर्षे लागली, हे त्यांच्या नणंदा-जावांपैकी कोणी उरले असेल तर विचारून घ्या. त्यामुळे आईंचे दुःख कमी होणार नाही, आणि ते कमी करण्यासाठी ही माहिती वापरूही नका. फक्त लेख एकांगी होणार नाही. गावाला काय वाटेल याची काळजी तुम्हाला असेल, पण ज्यांनी तो चहा प्यायला त्यांना तो कोणी केला हे कळलेच पाहिजे.

आईंना कोरा कागद द्या, आणि त्या जे लिहितील त्यातला शब्द बदलू नका, मग तो कितीही तिखट असो. ‘मला काही लिहायचे नाही’ असे त्या म्हणाल्या तर आग्रह करू नका. एखाद्या दुपारी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बसा आणि त्या काळी घरात दिवसाला दूध किती लागत असे, एवढेच विचारा.